सहा मिनिटांची शर्यत, सहा तासांचा रस्ता

प्रिय मावशी,

मी आयोवात, डी मॉइनला राहते. गेल्या वर्षी सेकंडहँड मियाटा घेतली, माझ्दाची कापडी टपाची छोटी गाडी, आणि ऑटोक्रॉस या गाडीच्या शर्यतीचा नाद लागला. आतापर्यंत चार स्पर्धा केल्या. चारही घराजवळ आणि चारही कोरड्यात. येत्या रविवारी नेब्रास्कात लिंकन शहरातल्या एअरपार्कच्या मैदानावर स्पर्धा आहे. पन्नास डॉलर भरलेत, ते परत मिळणार नाहीत. हवामानाचा अंदाज वाईट आहे: शनिवारी रात्रीपासून पाऊस, रविवारी सकाळी सात-आठ अंश, दुपारनंतर विजांचा गडगडाट. सोमवारी ऑफिस असल्यामुळे रविवारी पहाटे चारला निघून रात्री परत यायचं ठरवलंय. गाडीला स्पर्धेचेच टायर आहेत, दोनशे ट्रेडवेअरचे, म्हणजे पकड जास्त पण लवकर झिजणारे. त्यांची खाच इंचाच्या बत्तीस भागांपैकी तीन भाग उरलीय. मूळचे ऑल-सीझन टायर चाकांसकट तळघरात पडून आहेत. नवरा म्हणतो, "कोनांभोवती गाडी फिरवायला एवढ्या पावसात तीनशे किलोमीटर कशाला?" क्लबातली मैत्रीण म्हणते, "पाऊस म्हणजे शिकायची पर्वणी, चुकवू नकोस." खरं सांगू? मलाही भीती वाटतेय. पण हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, मग जाऊच नकोस. सांगलीला आईला तर यातलं काहीच माहीत नाही. जाऊ की नको?

– डी मॉइनची एक वाचक

लेकी,

जा. पण पत्रात लिहिलेल्या बेताने जाऊ नकोस. या टायरवर नको, पहाटे चारला नको, आणि त्याच रात्री परत तर मुळीच नको. या तीन गोष्टी बदलता येत नसतील तर पन्नास डॉलरवर पाणी सोड आणि रविवारी घरी राहा.

तुझा नवरा आणि तुझी मैत्रीण दोघंही बरोबर बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. मैत्रीण बोलतेय ती मैदानाबद्दल, नवरा बोलतोय तो रस्त्याबद्दल. "पावसात जायचं का?" असा एकच प्रश्न करून ठेवल्यामुळे तुमचं घरात भांडण होतंय. ते दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं उलटसुलट आहेत.

आधी मैदान. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं: रिकाम्या धावपट्टीवर किंवा पार्किंगमध्ये नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात, तिच्यावरून एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची वेळ मोजतात. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात, वाट चुकली तर ती फेरी बाद. एक फेरी साधारण मिनिटभराची, गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. दिवसभरात तुला मिळणार चार ते सहा फेऱ्या, म्हणजे सहा मिनिटं धर. ओल्या काँक्रीटवर गाडी फिरली तर काय होईल? दोन-तीन कोन आडवे होतील, हेल्मेटच्या आतल्या आत तू ओरडशील आणि लाल झेंडा दिसला की थांबशील. समोरून ट्रक येणार नाही, कडेला झाड नाही, खांब नाही. पावसात गाडी कशी सुटते आणि सुटल्यावर हातापायांनी काय करायचं, हे शिकायला याहून सुरक्षित जागा मला तरी माहीत नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि गाडी चालवण्याबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं ओल्या मैदानावर कळलंय. म्हणून मैत्रिणीचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आता रस्ता. सहा मिनिटांसाठी सहा तास. जाताना तीन, येताना तीन. आयोवात आय-80 हायवेवर वेगमर्यादा ताशी 70 मैल, मिसुरी नदी ओलांडून ओमाहा मागे टाकलं की 75. मैदानावर ज्या वेगाला तू श्वास रोखून पोचतेस त्याहून जास्त वेगाने हायवेवर सगळे जण कॉफी पीत चाललेले असतात, आणि आजूबाजूला अठरा चाकी ट्रक पाण्याचा धुरळा उडवत असतात. आपण आंबोलीच्या, गगनबावड्याच्या पावसात गाड्या चालवलेली माणसं, पावसाची भीती कसली, असं आपल्याला वाटतं. पण घाटात आपण तीस-चाळीसने चालवतो. इथे त्याच पावसात एकशे दहा-वीसने चालवतात. टायरखालचं पाणी खाचांतून बाहेर फेकायला तितकाच कमी वेळ मिळतो, आणि खाच उथळ असेल तर टायर पाण्यावर चढतो.

तो चढतो तेव्हा काय होतं ते मी भोगलंय. बरीच वर्षं झाली. मिसुरी राज्यातल्या एका स्पर्धेहून घरी निघाले होते. दिवसभर पाऊस, आणि त्या पावसात मी माझ्या गाडीच्या गटात पहिली आले होते. सहा फेऱ्यांत एक कोन पाडला नव्हता. टायर तुझ्यासारखेच, स्पर्धेचे आणि झिजलेले. संध्याकाळची वेळ. ट्रकच्या चाकांनी डांबरात पडलेल्या दोन उथळ चऱ्यांत पाणी भरलेलं. एकदम आवाज थांबला. आधी टायरची घरघर होती, ती गेली, आणि स्टिअरिंग इतकं हलकं झालं की जणू ते कशाला जोडलेलंच नाही. मग गाडी दीड वेळा गोल फिरली आणि मधल्या गवताच्या पट्ट्यात तोंड उलट्या बाजूला करून थांबली. वायपर चालू होते. ट्रॉफी मागच्या सीटवरून पुढे येऊन माझ्या पायाशी पडली होती. मला खरचटलंही नाही, कारण त्या दहा सेकंदांत तिथे दुसरी गाडी नव्हती. एवढंच कारण.

त्या दिवशी माझं काय चुकलं ते नीट सांगते, कारण नेमकं तेच तू करायला निघाली आहेस. टायर झिजलेले होते, ही एक गोष्ट. दुसरी, मी पहाटे उठले होते, आठ तास पावसात उभी होते, अंगातली ऊब गेली होती आणि लक्ष विटलं होतं. तिसरी गोष्ट जास्त वाईट, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: दिवसभर ओल्या मैदानावर गाडी पकडीच्या टोकाला नेऊन नेऊन माझा अंदाजच बदलला होता. गाडी जरा सरकली तरी "येते की हातात" असं वाटायला लागलं होतं. मैदानावर ती येते. 70 मैलांच्या वेगाला पाण्यावर तरंगणारी गाडी कुणाच्याच हातात येत नाही.

म्हणून आधी टायर. आज रात्रीच एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं घे, त्यावरच्या अब्राहम लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाल. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला की खाच 2/32 पेक्षा कमी उरली, बहुतेक राज्यांत तो टायर बादच. मग क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं घे आणि त्यावरच्या वॉशिंग्टनचं डोकं तसंच घालून बघ. ते अर्धवट झाकलं गेलं तर 4/32 आहे. पावसात हायवेसाठी मी वॉशिंग्टनचं ऐकते, लिंकनचं नाही. तुझ्या टायरची खाच तू लिहितेस तशी 3/32 असेल तर लिंकन हो म्हणेल आणि वॉशिंग्टन नाही म्हणेल. शिवाय हे टायर उन्हाळी रबराचे. हवा सात अंशांच्या खाली गेली की ते रबर कडक होतं, पकड सोडतं. रविवारी पहाटे नेमकं तितकंच असणार आहे.

तळघरातले ऑल-सीझन चढव. आणि त्यांच्यावरच शर्यतही कर. "तिथे जाऊन बदलीन" हा विचार डोक्यात येत असेल तर काढून टाक. मियाटात चार चाकं मावत नाहीत, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. ऑल-सीझनवर वेळ वाईट येईल अशी धाकधूक वाटत असेल तर तेही सोड. थंड, पाणी साचलेल्या काँक्रीटवर खाच असलेले ऑल-सीझन झिजलेल्या उन्हाळी टायरच्या पुढे जाऊ शकतात. पहिल्याच वर्षी तुझी स्पर्धा कुणाशी आहे? सकाळच्या पहिल्या फेरीतल्या तुझ्याशीच ना?

चाकं बदललीस की पन्नास-साठ मैल चालवून नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळ. स्पर्धेआधी गाडी तपासणारा तिथे चाकं हलवून बघेलच, पण तीनशे किलोमीटर तू त्याच्या आधी चालवणार आहेस.

आता वेळ. शनिवारी दुपारी, उजेडात, पाऊस सुरू व्हायच्या आत निघ. लिंकनला स्वस्तातलं मोटेल घे. रविवारी स्पर्धा संपली की पुन्हा मोटेलवर, आणि सोमवारी सकाळी अर्धी रजा टाकून परत. हो, दोन रात्रींचे पैसे पन्नास डॉलरहून जास्त होतात. तेवढे खर्चायची तयारी नसेल तर ही स्पर्धा सध्या तुझ्या ऐपतीची नाही, आणि तसं कबूल करण्यात कमीपणा काही नाही. जूनमध्ये दुसरी असेल.

रविवारी दुपारनंतरच्या गडगडाटाबद्दल मी इतकी हट्टाने का बोलतेय? कारण तो रस्ता मला माहीत आहे. 26 एप्रिल 2024 ला, शुक्रवारी दुपारी-संध्याकाळी, लिंकनच्या ईशान्येला वेव्हर्लीच्या बाजूला टोर्नेडो झाला, ओमाहाच्या पश्चिमेला एल्कहॉर्नमध्ये ईएफ-4 दर्जाचा (पाचपर्यंतच्या मोजपट्टीवर चार) झाला, आणि आयोवात मिंडेन गाव उद्ध्वस्त झालं. नकाशा काढून बघ. तिन्ही जागा तुझ्या आय-80 च्या आसपास आहेत, एकामागून एक, तुझ्या परतीच्या क्रमाने. एप्रिल-मे हे तिथले तसले महिने.

शुक्रवारपासून स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा, नकाशा बघत जा. ते धोक्याच्या पाच पायऱ्या सांगतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. माझा स्वतःचा नियम असा की वाटेवर तिसरी पायरी, एन्हान्स्ड, दिसली की मी त्या दिवशी गाडी काढत नाही. कापडी टपाच्या गाडीत तर दुसऱ्या पायरीलाही पुन्हा विचार करीन, कारण गारांचा मार तुझं टप सोसणार नाही. वॉच म्हणजे वादळाला अनुकूल हवा, वॉर्निंग म्हणजे वादळ आलंच. वाटेत वॉर्निंग मिळाली तर पुढचा एक्झिट घे आणि पेट्रोल पंपाच्या पक्क्या इमारतीत जाऊन बस. पुलाखाली गाडी लावून थांबू नकोस. कितीतरी लोक थांबतात, पण पुलाखाली वारा कोंडून आणखी जोर धरतो आणि उडून आलेल्या वस्तू तिथेच घुसतात.

आणि परत फिरायची जागा निघायच्या आधी ठरव. गाडीत बसून ठरवायची म्हटलं की माणूस "अजून दहा मैल बघू" म्हणत राहतो. अडेर गावाची ती पिवळी, हसऱ्या तोंडाची पाण्याची टाकी हायवेवरूनच दिसते, एक्झिट 76. तिथे उतर, गाडी थांबव, आयोवा 511 आणि नेब्रास्का 511 या रस्त्यांची खबर देणाऱ्या सेवा बघ, पावसाचं रडार बघ. पुढे लाल-जांभळं दिसत असेल तर तिथून घर तासाभरावर आहे. मागे वळ. आयोजकांना मेसेज टाक की येत नाही, कारण मैदानावर पडलेले कोन उभे करायचं काम स्पर्धकांनाच वाटून देतात आणि त्यात त्यांनी तुझं नाव धरलेलं असतं.

चालवताना क्रूझ कंट्रोल बंद. दिवे हाताने लाव, ऑटोवर ठेवू नकोस. दिवसा पावसात सेन्सरला उजेड पुरतो, पुढचे बारीक दिवे लागतात आणि मागचे लागतच नाहीत, मग तुझी ठेंगणी गाडी मागच्या ट्रकवाल्याला दिसणार कशी? ट्रकच्या चऱ्यांतून न चालता जरा बाजूने चाल. आडवाटेवर पाणी वाहताना दिसलं तर खोली अजमावायला जाऊ नकोस. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, आणि मियाटाचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही.

मैदानावरचं सामान. कोरड्यात तू गाडी रिकामी करून पिशव्या जमिनीवर ठेवतेस, पावसात त्या भिजून चिंब होतील. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा ने, त्यात सगळं. गाडीवरचा नंबर शू पॉलिशने लिहीत असशील तर तो वाहून जाईल, निळी मास्किंग टेप ने. बुटांचे दोन जोड हवेत: एक कोन उचलायला, एक फक्त पेडलसाठी. ओल्या तळव्याचा पाय ब्रेकवरून घसरतो, मी घसरलेला पाहिलाय. गाडीत बसेपर्यंत बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांध, दाराशी काढ. बसल्याबरोबर एसी आणि काचेचा वारा चालू कर, नाहीतर हेल्मेटमधल्या श्वासाने आतून काच धुरकट होते आणि सुरुवातीच्या रेषेवर तुला कोन दिसत नाहीत.

कोर्स वॉक, म्हणजे शर्यतीआधी वाट पायी चालून बघणं, पावसातच कर, छत्री घेऊन. पाणी कुठे साचलंय, काँक्रीटच्या सांध्यांत भरलेलं डांबर कुठे चकाकतंय, जुन्या रंगाचे पट्टे कुठे आडवे येतात, हे पायाखाली बघून ठेव. मग चालवताना प्रत्येक गोष्ट जरा आधी आणि जरा हळू. ब्रेक आधी, वळण आधी, हात सावकाश. पहिल्या फेरीत मुद्दाम सावकाश जा आणि एका मोकळ्या जागी ब्रेक जोरात दाबून बघ की आज पकड किती आहे.

विजा. ढगांचा आवाज ऐकू आला की स्पर्धा थांबवतात, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबतात. एअरपार्कवर मैलभर सपाटी आहे, हातात झेंडा घेऊन उभी असलेली तूच सगळ्यांत उंच. बोलावणं आलं की झेंडा टाक आणि गाडीत जाऊन बस. फक्त स्वतःच्या गाडीत नको! वीज अंगावर न येता बाहेरून जमिनीत जाते ती पत्र्याच्या टपामुळे, रबराच्या चाकांमुळे नाही. तुझं टप कापडाचं. मैत्रिणीच्या बंद गाडीत बस. हे कालच तिला सांगून ठेवायला हवं होतं, आज सांग.

आता नवऱ्याचं. तू त्याच्यापासून भीती लपवतेस, कारण तुला वाटतं भीती म्हणजे त्याच्या बाजूने पडलेलं मत. तसं नाही गं. तुला जी भीती वाटतेय ती अगदी बरोबर जागची आहे, टायरची आणि रात्रीच्या रस्त्याची. ती त्याच्यासमोर मांडली असतीस तर हे पत्र मला लिहायच्या आधीच तुम्ही दोघांनी टायर बदलले असते. आज जेवताना सांग. "मला मैदानाची भीती नाही, परतीच्या रस्त्याची आहे," एवढंच वाक्य. मग वरचा बेत दाखव: कुठे थांबणार, कुठून फोन करणार, काय दिसलं तर परत फिरणार. "काळजी करू नकोस" असं मात्र म्हणू नकोस, कारण करण्यासारखी आहे.

आणि त्याला बरोबर घेऊन जा, मियाटाला दोन सीटा आहेत. भारतात गाडी शिकलेला असेल तर गिअरची गाडी त्याला येणारच. सोमवारी सकाळी तू थकलेली असशील, तो ताजा असेल, परतीची गाडी त्याने चालवावी. माझ्या त्या मिसुरीच्या संध्याकाळी माझ्या बाजूला चालवणारं दुसरं माणूस असतं तर मी खिडकीला डोकं टेकून झोपले असते. गेटवर त्यालाही जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागेल, तेवढं सांगून ठेव.

आईचं मी ठरवू शकत नाही. पण सोमवारी घरी पोचलीस की सांगलीत रात्र झालेली असेल, साडेदहा तासांचं अंतर आहे. ती जागी असेल तर फोटो पाठव, हेल्मेट घातलेला आणि केस ओले.

रविवारी सकाळी मोटेलमधून निघताना चारही टायरची हवा मोज. रात्रीच्या गारठ्याने एक-दोन पौंड उतरलेली असते. मैदानावर कमी-जास्त केलीस तर वहीत लिहून ठेव, आणि मैदान सोडायच्या आधी दाराच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पुन्हा भर. हवा कमी असलेला टायर पाण्यावर लवकर चढतो. पंप त्या झाकणाच्या डब्यात सगळ्यात वर ठेव.

– मावशी